उघड्या मुठींची छापचित्रे जमवताना

१७ एप्रिल १८६०च्या पहाटे, उजाडायच्या आधी, लंडन ब्रिज स्थानकातून खास आगगाड्या सुटल्या. गाडी कुठे थांबणार हे आत बसलेल्यांना सांगितलेले नव्हते. पैजेची मुष्टियुद्धे इंग्लंडात बेकायदा होती आणि पोलिसांना सुगावा लागून चालणार नव्हते. गाड्या थांबल्या फार्नबरोला. तिथल्या एका कुरणात इंग्लंडचा टॉम सेयर्स आणि अमेरिकेहून आलेला जॉन हीनन हातमोज्यांशिवाय दोन तासांहून जास्त वेळ लढले. हीनन जवळजवळ अर्ध्या फुटाने उंच, आणि सेयर्सचा उजवा हात सुरुवातीलाच निकामी झालेला. शेवटी गर्दी दोर ओलांडून आत घुसली आणि लढत अनिर्णित राहिली. तिथे हजर होते ते काही हजार. पाहायची हौस मात्र दोन देशांना होती, आणि त्या काळच्या कॅमेऱ्याला हलती माणसे टिपता येत नव्हती. ही हौस छापखान्यांनी पुरवली. लंडनमध्ये जॉर्ज न्यूबोल्डने प्रेक्षकांतले चेहरे ओळखू येतील असे मोठे चित्र प्रकाशित केले, तर न्यूयॉर्कच्या करिअर अँड आइव्ह्जने आपला लिथोग्राफ, म्हणजे दगडावरून काढलेले छापचित्र, बाजारात आणला.

उघड्या मुठींनी लढणाऱ्या विजेत्यांची जुनी छापचित्रे जमवायची असतील तर ही गोष्ट आधी लक्षात घ्यावी. या कागदांचा जन्म दिवाणखान्याच्या शोभेसाठी झालेला नाही, बातमी म्हणून झाला आहे. त्यामुळे कागद हातात आला की योद्ध्याचा चेहरा आणि दंड पाहण्याआधी चित्राखालची बारीक ओळ वाचा. कोणी छापले, कुठे आणि कधी, हे ती सांगते. लढत आणि छपाई यांच्यात किती अंतर आहे हे कळले की त्या कागदाची खरी किंमत कळू लागते. लढतीच्या धामधुमीत निघालेला साधा कागद मला तीस वर्षांनंतरच्या देखण्या चित्रापेक्षा नेहमीच मोलाचा वाटतो.

ही ओळ तिथे असते ती कायद्यामुळे. विल्यम हॉगार्थ आणि इतर चित्रकारांच्या खटपटीतून १७३५ साली इंग्लंडात कोरीव चित्रांच्या हक्काचा कायदा झाला आणि १७६७मध्ये त्याची व्याप्ती वाढली. संरक्षण हवे असेल तर प्रकाशनाची तारीख आणि मालकाचे नाव छपाईच्या पत्र्यावर कोरणे भाग पडले. म्हणून चित्राखाली डाव्या कोपऱ्यात मूळ चित्रकाराचे नाव आणि पुढे 'पिंक्सिट', उजव्या कोपऱ्यात कोरणाऱ्याचे नाव आणि पुढे 'स्कल्पसिट', आणि मध्यभागी प्रकाशकाचे नाव, पत्ता, दिनांक अशी मांडणी दिसते. दोन्ही कामे एकाचीच असतील तर बहुधा 'फेकिट' लिहिलेले असते.

पत्ता तर तारखेइतकाच बोलका असतो. स्वस्त रंगीत चित्रे विकणारा थॉमस टेग १८२४पर्यंत चीपसाइडला १११ क्रमांकाच्या दुकानात होता, नंतर तो ७३ क्रमांकात गेला. एस. डब्ल्यू. फोर्स आधी पिकॅडिलीत ३ क्रमांकात होता आणि १७९५च्या सुमारास ५० क्रमांकात आला. व्यंगचित्रकार जेम्स गिलरेची चित्रे विकणाऱ्या हॅना हम्फ्री १७९७पासून सेंट जेम्सेस स्ट्रीटच्या २७ क्रमांकात होत्या. चित्रावर १८११ची लढत आणि खाली टेगचा ७३ क्रमांकाचा पत्ता असेल, तर पत्रा जुना असला तरी छाप १८२४नंतरची आहे, हे विक्रेत्याला न विचारताच कळते. अशा पत्त्यांची एक वही करून ठेवा. संग्राहकाला तिचा उपयोग महागड्या पुस्तकांहून जास्त होतो.

आता लढत आणि छपाई यांच्यातल्या अंतराचे दोन दाखले पाहू. ९ जानेवारी १७८८ रोजी हॅम्पशरमधल्या ओडियम इथे रिचर्ड हम्फ्रीजने डॅनियल मेंडोझाला हरवले. मेंडोझा लंडनच्या पूर्व भागातल्या ज्यू वस्तीतला, चपळ पायांचा आणि बचावाचे शास्त्र मांडणारा. त्याच वर्षी जॉन हॉपनरने रंगवलेल्या हम्फ्रीजवरून जॉन यंगने मेझोटिंट (ही पद्धत पुढे सांगितली आहे) काढले, आणि गिलरेने मेंडोझा कोरला. दोन्ही पक्षांचे चाहते होते, दोघांनाही आपला माणूस भिंतीवर हवा होता. पुढे १७८९ आणि १७९० साली मेंडोझाने हम्फ्रीजला हरवले. या तीन लढतींच्या मागेपुढे निघालेली चित्रे एकत्र मांडली तर लोकमत कसे फिरत गेले ते तारखांवरून वाचता येते.

दुसरा दाखला जॉन जॅक्सनचा. १७९५ साली हॉर्नचर्चला त्याने मेंडोझाचे लांब केस धरून ठोसे मारले आणि लढत जिंकली. चार्ल्स टर्नरने बेन मार्शलच्या चित्रावरून काढलेले जॅक्सनचे मेझोटिंट आहे १८१०चे. मधल्या पंधरा वर्षांत जॅक्सन बाँड स्ट्रीटवर श्रीमंतांना मुष्टियुद्ध शिकवणारा गुरू झाला होता आणि कवी बायरन त्याचा शिष्य होता. त्या चित्रात बातमी नाही, प्रतिष्ठा आहे. तेही जरूर घ्या, पण काय घेतो आहोत हे ओळखून घ्या.

मेझोटिंटबद्दल सविस्तर सांगायला हवे, कारण या विषयातले सर्वांत सुंदर आणि सर्वांत फसवे कागद याच पद्धतीचे आहेत. तांब्याचा पत्रा दातेरी हत्याराने आधी सगळाच्या सगळा खरबरीत करतात. तसाच शाई लावून छापला तर नुसता मखमली काळोख उमटतो. मग जिथे उजेड हवा तिथे तो खरबरीतपणा खरवडून, घासून गुळगुळीत करायचा. अंधारातून उजेड काढण्याच्या या रीतीमुळे उघड्या छातीवरचे, खांद्यावरचे स्नायू जिवंत वाटतात. मात्र हा खरबरीतपणा नाजूक असतो. छपाईच्या दाबाखाली तो झपाट्याने झिजतो. सुरुवातीच्या छापांत हनुवटीखालची सावली खोल आणि मऊ दिसते, उशिराच्या छापांत तीच करडी, सपाट आणि धुरकट होते. काही वेळा झिजलेल्या पत्र्यावर कोरणीने नव्या रेघा ओढून त्याला पुन्हा कामाला लावलेले असते. अशा छापेत चेहरा कडक होतो आणि डोळ्यांभोवती सुटी रेघाटणी दिसते. दोन छापा शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय हा फरक मनात ठसत नाही. म्हणून विकत घेण्याआधी ब्रिटिश म्युझियम, लंडनची नॅशनल पोर्ट्रेट गॅलरी, न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन म्युझियम आणि येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्ट यांच्या ऑनलाइन संग्रहांत तीच चित्रे मोठी करून बघा. लंडनला राहणाऱ्या मराठी वाचकांनी तर ब्रिटिश म्युझियमच्या मुद्राचित्रांच्या अभ्यासिकेत वेळ ठरवून जावे आणि अस्सल कागद समोर ठेवून पाहावा. जॉन चॅलोनर स्मिथने १८७८ ते १८८३ या काळात ब्रिटिश मेझोटिंट व्यक्तिचित्रांची चार भागांची सूची काढली. एका पत्र्यात वेळोवेळी काय बदल झाले ते तिच्यात नोंदलेले आहे.

तांब्याच्या पत्र्यावरून काढलेल्या प्रत्येक छापेला चौकटीचा दाब असतो. ओलसर कागद पत्र्यावर ठेवून चरकात दाबला की पत्र्याच्या कडा कागदात रुततात. बाजूने विजेरीचा तिरपा उजेड टाकला की ही चौकट स्पष्ट दिसते. लिथोग्राफ सपाट दगडावरून निघतो, त्याला असा दाब नसतो. म्हणजे 'लिथोग्राफ' म्हणून विकायला आलेल्या कागदावर चौकटीचा दाब दिसला तर थांबून विचारा. उलट दाब आहे म्हणून लगेच विश्वासही ठेवू नका, कारण नंतरच्या नकलांवर कोऱ्या पत्र्याने मुद्दाम खोटा दाब उठवल्याची उदाहरणे आहेत. कित्येक जुन्या कागदांच्या कडा त्या दाबाच्या आतपर्यंत कापलेल्या असतात. अल्बममध्ये चिकटवायला किंवा फ्रेममध्ये बसवायला कोणीतरी कात्री चालवलेली असते. त्यात खालची ओळ गेली असेल तर तो कागद अगदी थोड्या पैशांतच घ्यावा, कारण त्याचा जन्मदाखलाच हरवलेला आहे.

कागद उजेडासमोर धरा. जुन्या जाळीदार कागदात समांतर रेघा दिसतात, विणीव कागद एकसारखा दिसतो. विणीव कागद इंग्लंडात १७५०च्या दशकाच्या उत्तरार्धात आला, तेव्हा त्याआधीच्या तारखेचे चित्र विणीव कागदावर असेल तर ती छाप नंतरची. १७९४पासून अनेक इंग्लिश कारखाने जलचिन्हात वर्ष घालू लागले. व्हॉटमनच्या कागदात नाव आणि वर्ष ठळक वाचता येते. १७८८च्या मेंडोझाखाली १८१८चे जलचिन्ह निघाले तर चित्र खोटे ठरत नाही, फक्त ती छाप तीस वर्षांनी काढलेली ठरते आणि भावही तसाच असायला हवा. गिलरेच्या बाबतीत आणखी एक खूण आहे. त्याचे पत्रे पुढे हेन्री बोनच्या हाती गेले आणि १८४७ ते १८५१च्या सुमारास त्यांच्यावरून पुन्हा छपाई झाली. त्या छापा जाड कागदावर, बहुधा रंगाविना आणि पुष्कळदा पानाच्या दोन्ही बाजूंना आहेत. पाठीमागे दुसरेच चित्र निघाले तर तो कागद बोनचा, हे पक्के.

भिंग विसरू नका. दहापट मोठे दाखवणारे पुरे. लिथोग्राफमध्ये दगडाच्या पृष्ठावरून आलेला अनियमित रवा दिसतो. फोटोवरून केलेल्या आधुनिक छपाईत ठिपक्यांच्या सरळ, शिस्तीच्या रांगा दिसतात. ही रांगांची छपाई १८८०च्या दशकात रुळू लागली, म्हणून सेयर्स-हीननच्या १८६०च्या चित्रात ती दिसली तर पुढे बोलायचे कारणच नाही. करिअर अँड आइव्ह्जच्या चित्रांच्या कॅलेंडरांसाठी काढलेल्या नकला अमेरिकेत भरपूर आहेत आणि फ्रेममध्ये घातल्यावर त्या फसवतात. महाराष्ट्रातल्या वाचकांना ही परीक्षा घरबसल्या शिकता येईल. घाटकोपरला १८९४ साली सुरू झालेल्या आणि पुढे मळवलीला गेलेल्या रविवर्मा छापखान्याची जुनी लक्ष्मी किंवा सरस्वती भिंगाखाली धरा आणि शेजारी आजचे ऑफसेटवर छापलेले कॅलेंडर ठेवा. दगडावर हाताने टिपलेले ठिपके आणि यंत्राने पाडलेले ठिपके यांतला फरक एकदा डोळ्यांत बसला की मुंबईच्या चोरबाजारात काय, लंडनच्या लिलावात काय, तोच डोळा उपयोगी पडतो.

रंगाविषयी थोडक्यात सांगतो. टेगसारख्यांची चित्रे दुकानातच हाताने रंगवलेली मिळत, त्यामुळे त्यांवरचा जुना जलरंग अस्सल आहे. तो कागदात मुरलेला असतो. कागदावरच्या तपकिरी डागांच्या वरून रंग गेलेला दिसला तर तो डागांनंतर लावलेला आहे. मेझोटिंट बहुधा काळेच विकले जात, तेव्हा गुलाबी गालांच्या मेझोटिंटकडे संशयाने पाहावे.

कोणाची चित्रे जमवायची? जेम्स फिगपासून सुरुवात करावी असे सगळ्यांना वाटते, कारण १७१९पासून त्याला इंग्लंडचा पहिला विजेता मानतात. पण फिगच्या काळातले अस्सल कागद दुर्मीळ आहेत, आणि हॉगार्थच्या नावावर सांगितले जाणारे त्याचे जाहिरातपत्र हॉगार्थच्या हातचे आहे का, याबद्दल अभ्यासकांना शंका आहे. नवख्याने तिथे पैसे घालू नयेत. माझे मत विचाराल तर एकच स्पर्धा निवडा. इंग्लंडचा टॉम क्रिब आणि टॉम मोलिनो यांची जोडी मला सर्वांत समृद्ध वाटते. मोलिनो अमेरिकेत गुलामीत जन्मलेला कृष्णवर्णीय योद्धा. त्याला तयार केले बिल रिचमंडने, जो स्वतः स्टेटन आयलंडवर गुलामीत जन्मून इंग्लंडात आला होता. १८ डिसेंबर १८१० आणि २८ सप्टेंबर १८११ अशा दोन लढती झाल्या, दोन्ही क्रिबने जिंकल्या. पहिल्या लढतीत मोलिनोला गर्दीने न्याय दिला का, हा वाद आजही चालतो. थॉमस रोलंडसनने थिसलटन गॅप इथे झालेल्या दुसऱ्या लढतीचे चित्र १८११ सालीच कोरले. रॉबर्ट डाइटनने १८१० साली रिचमंडचे आणि १८१२ साली मोलिनोचे पूर्णाकृती चित्र काढले. त्या काळच्या अनेक चित्रांत कृष्णवर्णीयांची विटंबना आहे. ती झाकून ठेवू नये, पण आपल्या संग्रहात कोणाचे चित्र कोणत्या नजरेने काढले आहे, हे प्रत्येक कागदाच्या नोंदीत स्पष्ट लिहावे. मोलिनो आणि रिचमंड यांनी रिंगणात जे सोसले त्याचा तेवढा मान राखलाच पाहिजे.

डाइटनवरून मालकीच्या माहितीचा मुद्दा निघतो. हाच डाइटन ब्रिटिश म्युझियममधली छापचित्रे चोरत असे. रेम्ब्रांची चित्रेही त्याने उचलली होती. एका व्यापाऱ्याने आपल्याकडचे रेम्ब्रांचे चित्र ताडून पाहायला म्युझियममध्ये नेले आणि १८०६ साली सगळे उघडकीला आले. म्हणून कागदाची पाठ नेहमी पाहा. संग्राहकांचे आणि संग्रहालयांचे छोटे शिक्के तिथे असतात. फ्रिट्स लुग्टने १९२१ साली अशा शिक्क्यांचा कोश काढला आणि तो आता ऑनलाइन उपलब्ध आहे. शिक्का खोडलेला, खरवडलेला दिसला तर कितीही मोह झाला तरी कागद परत ठेवा.

कमी पैशांत आरंभ करायचा असेल तर पिअर्स इगनच्या मुष्टियुद्धावरच्या 'बॉक्सियाना'तली छोटी व्यक्तिचित्रे बरी. या ग्रंथाचे खंड १८१२ ते १८२९ या काळात निघाले. पुस्तकातून सुटलेल्या पानाच्या एका कडेला शिवणीची भोके किंवा कापल्याची खूण असते. इथे एक कळकळीची विनंती आहे. आधीच सुटलेले पान घ्या, पण शाबूत खंड फोडून पाने विकणाऱ्याला धंदा देऊ नका. एका खंडातली पाने दहा घरांत गेली की मजकूर आणि चित्र यांची ताटातूट कायमची होते.

अमेरिकेकडे वळाल तर हातमोज्यांविना झालेल्या शेवटच्या मोठ्या अजिंक्यपदाच्या लढतीवर थांबता येईल. ८ जुलै १८८९ रोजी मिसिसिपीतल्या रिचबर्ग इथे जॉन एल. सलिव्हनने जेक किलरेनला पंचाहत्तर फेऱ्यांनंतर हरवले. दोघांचीही छोटी रंगीत चित्रे अ‍ॅलन अँड गिंटरच्या सिगारेट पाकिटांतल्या १८८७च्या पन्नास कार्डांच्या मालिकेत आहेत. या कार्डांच्या नकला फार आहेत, तेव्हा भिंगाशिवाय व्यवहार नको.

लिलावाच्या यादीतली भाषा नीट समजून घ्या. चित्रकाराच्या नावाआधी 'आफ्टर' असेल तर ते त्याच्या चित्रावरून दुसऱ्याने केलेले काम. 'लेड डाउन' म्हणजे कागद पुठ्ठ्यावर किंवा दुसऱ्या कागदावर पूर्ण चिकटवलेला. 'रीस्ट्राइक' म्हणजे जुन्या पत्र्यावरून पुढे काढलेली छाप. 'थ्रेड मार्जिन' म्हणजे दाबाबाहेर दोऱ्याएवढीच कड उरलेली. विक्रेत्याकडून फ्रेमबाहेर काढलेल्या कागदाचे चारही कडांसह छायाचित्र, पाठीचे छायाचित्र, खालच्या ओळीचे जवळून घेतलेले छायाचित्र आणि शेजारी मोजपट्टी ठेवून घेतलेले एक, एवढे मागा. द्यायला टाळाटाळ झाली तर सौदा सोडा. बोली लावताना लिलावघराचे कमिशन धरा. ते पुष्कळ ठिकाणी हातोड्याच्या किमतीवर पंचवीस टक्के किंवा त्याहून जास्त असते, आणि टपाल, विमा, कर वेगळे.

भारतात मागवायचे असेल तर पाठवणाऱ्याला कागदपत्रांवर सीमाशुल्काचे शीर्षक ९७०२ लिहायला सांगा. हाताने केलेल्या पत्र्यांवरून किंवा दगडांवरून निघालेली मूळ छापचित्रे त्यात येतात. यंत्राने केलेल्या नकला त्यात बसत नाहीत, त्या ४९११मध्ये जातात. आयातीच्या दिवशीचा दर सीमाशुल्क दलालाकडून लेखी घ्यावा. पण त्याहून महत्त्वाचा आहे १९७२चा पुरावस्तू कायदा. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू त्याच्या व्याख्येत येते, आणि ती कोणत्या देशात तयार झाली याची अट त्या व्याख्येत नाही. अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. परदेशात राहणाऱ्या ज्या मराठी माणसांना संग्रह पुढे तिकडेच विकायचा किंवा मुलांकडे ठेवायचा आहे, त्यांनी तो सुटीत गावी आणून ठेवण्याआधी याचा शांतपणे विचार करावा.

आणि कोकण असो की मुंबई, आपल्या पावसाळ्यापुढे हे कागद अगदी हतबल असतात. दमट हवेत बुरशी धरते, खळीच्या वासाने कसर येते. बाहेरच्या भिंतीवर फ्रेम लावू नका. मागे प्लाय किंवा हार्डबोर्ड नको, त्यातल्या आम्लाने कागद तपकिरी होतो. आम्लरहित, सुती पुठ्ठ्याचा माउंट घ्या, आणि चित्र काचेला टेकणार नाही एवढी जागा सोडायला फ्रेमवाल्याला बजावून सांगा. चित्र माउंटला जोडायचे ते जपानी कागदाच्या पट्ट्यांनी आणि गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने, तेही फक्त वरच्या कडेला. सेलोटेप आणि लॅमिनेशन यांनी झालेले नुकसान बहुतेक वेळा भरून येत नाही. फाटलेले, डागाळलेले चित्र घरी ब्लीच करू नका. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धनाचे केंद्र आहे, वारसा जपणाऱ्या इंटॅक या संस्थेचीही संवर्धन केंद्रे आहेत, तिथे आधी सल्ला घ्या. उन्हात तर चित्र एक दिवसही ठेवू नये.

पहिली खरेदी कोणती करावी असे विचाराल, तर मी सांगेन: रोलंडसन किंवा डाइटन यांचा एखादा कागद, खालची ओळ पूर्ण शाबूत असलेला, कड थोडी मळकी असली तरी चालेल. तो घ्या, आणि घेतल्याच्या दिवशीच वहीत मापे, जलचिन्ह, पत्ता, तारीख, विक्रेता आणि पावतीचा क्रमांक लिहून ठेवा.